कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं मूल शाळेत जातं तेव्हा: पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलाच्या आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. ते बसवलेलं मूल स्वतःचं नाव सांगतं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, "पाणी पिऊन येऊ?" म्हणतं. एवढं दिसलं की शाळेतल्या सगळ्यांची खात्री पटते की याला आता काही अडचण नाही. या मुलांचं शाळेतलं नुकसान बहुतेक वेळा याच समजुतीपासून सुरू होतं. शांत खोलीत, समोर बसून, एका माणसाशी बोलणं वेगळं आणि भरल्या वर्गात दिवसभर ऐकून शिकणं वेगळं. उच्चार स्पष्ट आहेत म्हणून ऐकणं पूर्ण आहे असं मुळीच समजू नका. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींमधल्या फटीबद्दल आहेत.

फट का राहते ते आधी पाहू. निरोगी कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या आतल्या ओळीच्या केसपेशी साधारण 3,500 असतात. इम्प्लांटमध्ये बाहेर लावलेला प्रोसेसर माइकने आवाज टिपतो, चुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल तो आत पाठवते, आणि केसपेशींचं काम 12 ते 22 इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला विजेचे इशारे देणारी टोकं, करतात. शांततेतलं बोलणं समजायला हे पुरतं. पण गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढणं, आवाजाचा चढउतार पकडणं, दोघे एकदम बोलले तर एकाचं धरून ठेवणं, यासाठी लागणारा बारीक तपशील त्यात नसतो. मॅपिंग, म्हणजे इलेक्ट्रोडची पातळी मुलाप्रमाणे जुळवणं, कितीही चांगलं झालं तरी ही मर्यादा पूर्ण जात नाही, म्हणून बाकीची सोय वर्गात करावी लागते.

पायरी 1: प्रवेशाआधी चार आकडे हातात घ्या

पहिला आकडा ऐकण्याच्या वयाचा. ते जन्मापासून मोजत नाहीत, स्विच-ऑनच्या दिवसापासून मोजतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण 2 ते 4 आठवड्यांनी प्रोसेसर पहिल्यांदा चालू होतो. मूल 5 वर्षांचं असेल आणि स्विच-ऑन 2 वर्षांचं असताना झालं असेल, तर ऐकण्याचं वय 3. आधी श्रवणयंत्राचा चांगला उपयोग झाला असेल तर हा हिशोब थोडा मुलाच्या बाजूने झुकतो.

दुसरा आकडा प्रोसेसर लावून ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाचा. 250 ते 6,000 हर्ट्झ या पट्ट्यात तो साधारण 20 ते 30 डेसिबल असावा. एखाद्या जागी तो 40-45 वर गेला असेल तर मॅपिंग बघायला हवं, शाळा सुरू होईपर्यंत थांबू नका. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) याच भेटीत शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्या, एकदा शांततेत आणि एकदा गोंगाट लावून. शाळेला दाखवायला गोंगाटातला आकडा जास्त कामाचा. शांततेत 90 टक्के शब्द ओळखणारं मूल गोंगाटात 50 वर येऊ शकतं, आणि वर्ग म्हणजे गोंगाटच.

तिसरा आकडा वापराच्या तासांचा. आताचे बहुतेक प्रोसेसर तासांची नोंद स्वतःच ठेवतात. मॅपिंगच्या वेळी "रोजची सरासरी किती दिसते?" एवढं विचारा. मूल जागं असेल तेवढा वेळ प्रोसेसर डोक्यावर हवा, म्हणजे शाळेच्या वयात रोज 10 तासांहून जास्त. रोज 4 तासच वापर होत असेल तर 12 तास ऐकणाऱ्या मुलाच्या तुलनेत 3 वर्षांत 1 वर्षाचंच ऐकणं जमा होतं. नोंदीत कॉइल निसटल्याची संख्याही दिसते. ती फार असेल तर चुंबकाचं बळ किंवा कॉइलची जागा बघावी लागते.

चौथा आकडा भाषेच्या वयाचा, म्हणजे शब्दसंग्रह आणि वाक्यरचना कोणत्या वयाच्या मुलाइतकी आहे तो. वाचा-उपचारतज्ज्ञ तो चाचणीने काढतात. ऐकण्याच्या वयापेक्षा भाषेचं वय पुढे असेल तर गाडी वेगात आहे. बरंच मागे असेल तर कारण शोधा: वापर कमी आहे, मॅपिंग चुकतंय, घरात बोलणं कमी आहे, की आणखी काही अडचण सोबत आहे. इम्प्लांटच्या मुलांपैकी मोठ्या गटाला ऐकण्याखेरीज दुसरीही अडचण असते, ती शिकण्याची, हालचालीची किंवा लक्ष टिकण्याची असते. ती उशिरा लक्षात येते, कारण सगळं खापर कानावर फोडलं जातं.

अपेक्षा किती ठेवायची

अमेरिकेतल्या सहा केंद्रांमध्ये, 5 वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या 188 मुलांचा पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षाच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांची भाषेची वाटचाल ऐकणाऱ्या मुलांच्या सर्वांत जवळ होती. वयाइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची दिसली: आईवडील मुलाशी किती आणि कसं बोलतात.

वाचनाबद्दल इम्प्लांटच्या मुलांवर संशोधन करणाऱ्या अॅन गीअर्स यांचं काम बघावं. 1990 च्या दशकात, आजच्या मानाने उशिरा इम्प्लांट झालेल्या मुलांना त्यांनी प्राथमिक शाळेत तपासलं आणि त्यांतल्या 112 जणांना पुन्हा हायस्कूलमध्ये. वाचनाच्या दोन चाचण्यांमध्ये त्यांतले 47 ते 66 टक्के ऐकणाऱ्या समवयस्कांच्या सरासरी पट्ट्यात किंवा त्याच्या वर होते. लेखनात मात्र गट स्पष्ट मागे होता. पूर्वी जन्मतः बहिऱ्या मुलांचं वाचन शाळा संपताना चौथीच्या आसपास अडकायचं. त्या तुलनेत ही झेप मोठी आहे. तरीही याच आकड्यांचा उलटा अर्थ असा की यंत्र मिळूनही बरीच मुलं सरासरीच्या खाली राहतात. सरासरी बघून निर्धास्त होऊ नका, घाबरूनही जाऊ नका. तुमचं मूल कुठे आहे ते वरचे चार आकडे सांगतील.

पायरी 2: शाळा बघायला जाताना

सर्वसाधारण शाळा, सोबत विशेष शिक्षक असलेली शाळा, आणि बहिऱ्या मुलांची शाळा असे साधारण तीन मार्ग असतात. भाषेचं वय खऱ्या वयापेक्षा वर्ष-दीड वर्षाने मागे असेल आणि वर्गात मदत मिळणार असेल, तर सर्वसाधारण शाळा झेपते. तीन वर्षांचं अंतर असेल आणि मदत शून्य असेल, तर मूल वर्गात नुसतं बसलेलं असतं. "समावेश" हा शब्द कितीही गोड असला तरी कळत नसलेल्या भाषेत सहा तास बसणं याला शिक्षण म्हणता येत नाही. अशा वेळी दोन वर्षं जास्त आधाराच्या ठिकाणी घालवून मग बदल करणं शहाणपणाचं.

इम्प्लांटच्या मुलाला खुणांची भाषा शिकवावी की नाही, यावरून संशोधकांमध्ये जुना वाद आहे. व्यवहारात एवढं धरा: कोणत्या तरी एका भाषेत मूल वयाप्रमाणे पुढे जायला हवं. इम्प्लांटनंतर वर्ष-दीड वर्षात बोली भाषा सरकत नसेल तर वाट बघत बसण्यापेक्षा खुणांची भाषा सोबत घ्या. भाषेविना गेलेली पहिली चार-पाच वर्षं नंतर भरून येत नाहीत. आणि आंघोळीच्या वेळी, पोहताना, रात्री प्रोसेसर काढल्यावर इम्प्लांटचं मूल बहिरंच असतं. तेव्हा काही खुणा येत असल्या तर घरातल्या सगळ्यांनाच सोपं जातं.

वर्ग भरलेला असताना बघा, रिकामा नाही. मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर आवाज घुमत राहिला तर प्रतिध्वनी जास्त आहे. अमेरिकी मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत आणि घुमण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत हवा. फार थोडे वर्ग यात बसतात, पण तुलना करायला माप मिळतं. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप काटेकोर नसलं तरी दोन वर्गांतला फरक दाखवायला पुरतं.

पायरी 3: वर्गातलं अंतर आणि आवाज

इथे थोडा हिशोब करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. शिक्षकांचा आवाज 1 मीटरवर 65 डेसिबल धरला तर 2 मीटरवर 59 आणि 4 मीटरवर 53. मुलाला नीट कळण्यासाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटाहून 15 डेसिबल वर असावा लागतो. वर्गातला गोंगाट 55 असेल तर चौथ्या मीटरवर शिक्षकांचा आवाज गोंगाटाच्याही खाली गेला. भिंती आवाज परत फेकतात म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतात, पण तो परत फेकलेला आवाज शब्द पुसट करतो, मदत करत नाही.

म्हणून पहिल्या बाकावर बसवलं म्हणजे झालं असं नाही. पहिल्या बाकाच्या कोपऱ्यातून शिक्षक तिरके दिसतात आणि मागचं मूल बोललं तर कोण बोललं तेच कळत नाही. दुसरी रांग, थोडी बाजूची जागा, शिक्षकांपासून 2 मीटरच्या आत, हे उत्तम. इम्प्लांट फक्त उजव्या कानाला असेल तर मुलाला वर्गाच्या डाव्या बाजूला बसवा, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहतो. पंखा, दार, रस्त्याकडची खिडकी यांपासून दूर. खिडकी शिक्षकांच्या मागे नको, कारण उजेड डोळ्यांवर आला की ओठ दिसत नाहीत.

गोंगाट कमी करायचे स्वस्त उपाय आधी करा: खुर्च्या-बाकांच्या पायांना रबरी टोप्या, भिंतींवर जाड कापड किंवा सॉफ्टबोर्ड, खिडक्यांना जाड पडदे, शिकवताना दार बंद. नुसत्या रबरी टोप्यांनी वर्ग किती शांत होतो ते एकदा ऐकूनच बघा.

तरीही 15 डेसिबलचा फरक बहुतेक वर्गांमध्ये या उपायांनी गाठता येत नाही. त्यासाठी रिमोट मायक्रोफोन लागतो. शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक, त्यांचा आवाज वायरलेसने थेट प्रोसेसरमध्ये. अंतराचा प्रश्नच मिटतो. शाळेकडे एकच गोष्ट मागायची असेल तर ही मागा. घेण्याआधी तुमच्या प्रोसेसरच्या मॉडेलशी जुळणारा रिसीव्हर कोणता, की वेगळ्या रिसीव्हरची गरजच नाही, हे ऑडिओलॉजिस्टला विचारा. माइकचा आवाज आणि आजूबाजूचा आवाज यांचं प्रमाणही तेच ठरवून देतात.

माइक वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. माइक तोंडापासून साधारण 15 सेंटिमीटर खाली, छातीच्या मधोमध हवा. ओळखपत्राची दोरी किंवा गळ्यातलं त्याला घासलं की मुलाला सतत खरखर ऐकू येते, आणि ते मूल तक्रार करत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांनाच असं ऐकू येतं. शिक्षक दुसऱ्या मुलाची वही तपासताना माइक बंद करायला विसरतात आणि मुलाच्या कानात भलताच संवाद चालू राहतो. शिक्षक-खोलीतल्या गप्पाही मुलाच्या कानापर्यंत जातात, हे सांगितलं की माइक बंद करायची सवय लवकर लागते. गटचर्चेत माइक बोलणाऱ्याच्या हातात द्या. माइक ज्याच्याकडे त्यानेच बोलायचं, हा नियम केला तर सगळ्याच वर्गाला शिस्त लागते. संगणकावर काही ऐकवायचं असेल तर माइक स्पीकरपुढे धरण्यापेक्षा वायरने जोडा.

पायरी 4: रोज सकाळची दोन मिनिटं

बंद किंवा बिघडलेला प्रोसेसर लावून आलेली मुलं वर्गात बसलेली असतात आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. लहान मूल "मला ऐकू येत नाही" असं सांगत नाही, ते खिडकीबाहेर बघत बसतं. म्हणून रोज, पहिल्या तासाआधी, सहा ध्वनींची चाचणी घ्यावी. बहिऱ्या मुलांना बोलणं शिकवण्यावर काम करणारे डॅनियल लिंग यांच्या नावाने ती ओळखली जाते. ध्वनी असे: म्, ऊ, आ, ई, श्, स्. म् आणि ऊ खालच्या पट्टीतले, आ मधल्या, ई ला खालचा आणि वरचा असे दोन्ही भाग, श् आणखी वर, स् सर्वांत वर. सहा ध्वनींत बोलण्याचा सगळा पट्टा तपासून होतो.

मुलाच्या मागे किंवा बाजूला उभे राहा. तोंडापुढे हात धरू नका, हाताने श् आणि स् दबतात आणि चाचणीच खोटी ठरते. नेहमीच्या आवाजात, एकेक ध्वनी, रोज वेगळ्या क्रमाने. दोन ध्वनींमधली शांतता कधी 2 सेकंद, कधी 6, नाहीतर मूल ठेक्यावर उत्तर देतं. अधूनमधून काहीच म्हणू नका. तेव्हाही मुलाने हात वर केला तर ते अंदाजाने चाललंय. लहान मुलाने ऐकू आल्यावर ठोकळा टाकायचा, मोठ्याने ध्वनी परत म्हणायचा. आधी 1 मीटरवरून, मग 3 मीटरवरून. दोन इम्प्लांट असतील तर एकेक बाजू वेगळी, नाहीतर एक कान बंद पडलेला दुसऱ्याच्या जिवावर लपून राहतो.

उत्तरं वाचायला शिका. सहाही गेले तर बॅटरी, केबल किंवा कॉइल. फक्त स् आणि श् जात असतील तर माइकच्या जाळीत घाम-धूळ बसलेली असण्याची शक्यता मोठी, जाळी बदलून बघा. म् आणि ऊ एकमेकांत मिसळत असतील आणि ते दोन-तीन दिवस टिकलं, तर मॅपिंगची वेळ घ्या. काल येणारा ध्वनी आज 3 मीटरवरून येत नसेल तर तीही बातमीच आहे, तारीख घालून वहीत टिपा. सलग नोंदी पाहिल्या की ऑडिओलॉजिस्टचं काम निम्मं होतं.

चाचणी झाली की रिमोट माइक तपासा. शिक्षकांनी दाराबाहेर जाऊन हळूच एक शब्द म्हणायचा, मुलाने वर्गातून तो परत सांगायचा.

बिघाड शोधायचा क्रम कायम तोच ठेवा: बॅटरी, मग केबल, मग कॉइल, मग माइकची जाळी, शेवटी प्रोग्रॅम आणि आवाजाची पातळी. एका वेळी एकच भाग बदलायचा, दोन एकदम बदलले तर दोषी कोणता ते कळत नाही. वाकून वाकून सर्वांत आधी सहसा केबल जाते, आणि अर्धवट तुटलेली केबल पक्की फसवी: मान वळवली की आवाज येतो-जातो. शाळेच्या डब्यात भरलेल्या बॅटऱ्यांचा जोड, एक केबल, एक कॉइल आणि हा क्रम लिहिलेला कागद ठेवा. रात्री प्रोसेसर कोरड्या डब्यात. सगळं बदलूनही आवाज येत नसेल, किंवा मूल अचानक प्रोसेसर काढून फेकू लागलं, दुखतं म्हणालं, तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. चुंबकाखालची त्वचा लाल झाली असेल तर कमी बळाचं चुंबक लागेल. ती रोज बघत चला.

पायरी 5: शिक्षकांना सांगायच्या मोजक्या गोष्टी

वीस सूचनांची यादी दिली तर एकही पाळली जात नाही. या पाच द्या.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका; लिहा, वळा, मग बोला.
दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर स्वतः पुन्हा म्हणा. वर्गातलं निम्मं शिक्षण एकमेकांच्या उत्तरांतून होतं आणि या मुलाच्या हातून नेमकं तेच निसटतं.
विषय बदलताना तसं सांगा, फळ्यावर एक शब्द लिहा.
कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, वेगळ्या शब्दांत म्हणा. ओरडल्याने आणि तोंड ताणून बोलल्याने शब्द बिघडतात.
"समजलं का?" विचारू नका, "काय करायचंय, सांग बघू?" विचारा.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ही मुलं मान डोलवण्यात पटाईत असतात. बाजूच्याने वही काढली की वही काढतात, सगळे हसले की हसतात. शिक्षकांना वाटतं, सगळं कळतंय. शिवाय मूल एकाच वेळी ओठ बघून लिहू शकत नाही, म्हणून तोंडी सांगून लिहून घेण्यापेक्षा टिपणं छापून द्यावीत किंवा बाकावरच्या सोबत्याची वही वापरू द्यावी.

पायरी 6: भाषा, जिथे खरी मेहनत आहे

ऐकणारं मूल बरीचशी भाषा कुणी न शिकवता, आजूबाजूचं कानावर पडून शिकतं. मोठ्यांच्या गप्पा, फोनवरचं बोलणं, मागच्या बाकावरची कुजबुज, सगळं आत जात असतं. इम्प्लांटच्या मुलापर्यंत दूरचं आणि हळू आवाजातलं पोचत नाही. म्हणून त्याला शिकवलेले शब्द येतात आणि न शिकवलेले साधे शब्द येत नाहीत. "ज्वालामुखी" माहीत असतो, "उगाच", "एरवी", "निदान", "चिडचिड" माहीत नसतात.

मराठीत आणखी एक खाच आहे. अर्थ ठरवणारे तुकडे शब्दाच्या शेवटी येतात आणि तिथेच आवाज उतरतो. "मांजराने कुत्र्याला ढकललं" आणि "मांजराला कुत्र्याने ढकललं" यांत फक्त ने आणि ला यांची अदलाबदल आहे. प्रत्यय निसटला तर मूल पहिला शब्द कर्ता धरतं आणि अर्धी वाक्यं उलटी समजतं. गेला-गेली-गेलं-गेले यांतही तसंच. मुलाच्या बोलण्यात लिंग-वचन सतत चुकत असेल तर व्याकरणाची वही काढण्याआधी ते टोक ऐकू येतंय का ते बघा. प्रत्ययावर किंचित थांबून, तो जरा ठळक म्हणून ऐकवा, मग तेच वाक्य नेहमीच्या चालीत म्हणा. दुसरी पायरी विसरू नका, नाहीतर मुलाला ठळकच ऐकायची सवय लागते.

प्रश्न केवळ सुरावरून ओळखायचा असेल, "तू आलास." की "तू आलास?", तिथेही गडबड होते, कारण सुराचा चढउतार हा इम्प्लांटचा सर्वांत कच्चा भाग. सुरुवातीच्या वर्षांत "का" जोडून विचारा. कवितेत ताल चांगला पकडतात, चाल नाही. पाठांतराचे गुण चालीवर देऊ नयेत.

ऐकण्याचा सराव जोड्यांनी करा: दार-धार, पाट-पाठ, कार-खार, साल-शाल, वेळ-वेल, मन-मण. चमचामधला च आणि चिमटामधला च वेगळे, हेही सांगावं लागतं, लिपी ते दाखवत नाही. रोज 10 मिनिटं, एका वेळी दोनच जोड्या, आधी शांततेत, मग पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून.

शुद्धलेखनात चुका आल्या की त्या कानाच्या की लेखनाच्या, हे आधी ठरवा. साधारण सारख्या अवघड 20-20 शब्दांच्या तीन याद्या करा. पहिली 1 मीटरवरून शांततेत, दुसरी वर्गातल्या नेहमीच्या जागी, तिसरी त्याच जागी रिमोट माइक लावून. जवळून बरोबर आणि जागेवरून चूक असेल तर दोष कानाच्या वाटेचा आणि माइकने तो कमी होतो. तिन्ही वेळा सारख्याच चुका असतील तर तो शब्द लिहायला शिकवायचाय. शब्द सुटे सांगू नका, वाक्यात घालून सांगा.

वाचनात देवनागरी फसवते. अक्षर-उच्चाराचं नातं बरंचसं सरळ असल्याने मूल धडा धडाधड वाचतं आणि ऐकणारा खूश होतो. वाचून झाल्यावर "असं का झालं?", "त्याच्या मनात काय असेल?", "आता पुढे काय होईल?" विचारा. "कोण, कुठे, काय" यांची उत्तरं मजकुरातला शब्द उचलून देता येतात, त्यावरून काही कळत नाही. चौथीच्या सुमारास गुण घसरू लागतात ते इथूनच: तोवर वाचायला शिकायचं असतं, त्यानंतर वाचून शिकायचं असतं.

उपाय दोन. पहिला, नवा धडा सुरू होण्याआधी आठवडाभर त्यातले 8-10 शब्द घरी वापरून घ्या, अर्थ पाठ करून नव्हे. शिक्षकांनी यादी द्यावी, ती मागायला संकोच नको. दुसरा, अनुभव-वही. दिवसातली एक घडलेली गोष्ट, चित्र किंवा तिकीट चिकटवून, मुलाच्याच शब्दांत 4-5 वाक्यं. चुकलेलं वाक्य खोडू नका, शेजारी नीट लिहा आणि मोठ्याने वाचा. मोठ्यांनी मुलाला रोज 20 मिनिटं वाचून दाखवणं आठवी-नववीपर्यंत चालू ठेवलं तरी जास्त होत नाही.

गणित भाषेवाचून सुटतं असं समजू नका. आकडेमोड सहसा चांगली असते. अडतं ते संख्यांच्या नावांत, सात-साठ-आठ, पंचावन्न-पंचाण्णव, बासष्ट-पासष्ट, म्हणून तोंडी गणित घालताना संख्या फळ्यावर लिहाच. आणि अडतं ते शाब्दिक उदाहरणांत. "राजूकडे 12 गोट्या आहेत. त्या मीनाकडच्या गोट्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत. मीनाकडे किती?" मूल "जास्त" बघतं आणि 17 लिहितं. पेक्षा, प्रत्येकी, उरले, एकूण, खेरीज, किमान: हे शब्द खऱ्या गोट्या हातात घेऊन शिकवायचे असतात.

पायरी 7: थकवा, खेळ, प्रयोगशाळा

दिवसभर कान लावून बसण्याचा थकवा खरा असतो. दुपारनंतर चिडचिड, चुका, टेबलावर डोकं, हा आळस नव्हे. भाषा आणि नवे विषय सकाळी, मध्ये 10 मिनिटं न ऐकता करायचं काम, आणि शाळेतून आल्या आल्या वाचा-उपचार नाही.

धावणं, बॅडमिंटन, बहुतेक मैदानी खेळ चालतात. डोक्यावर मार बसणारे खेळ, जसं बॉक्सिंग, टाळा. सायकलवर हेल्मेट हवंच. पोहताना प्रोसेसर काढा किंवा त्याचं जलरोधक आवरण लावा. काढला असेल तर सूचना हाताने, आणि त्या आधीच ठरवून. विज्ञानाच्या वर्गात स्थिर वीज तयार करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ जनित्राला मुलाने हात लावायचा नाही, स्थिर विजेचा झटका यंत्राला बाधतो. एमआरआय करायचा असेल तर आधी इम्प्लांट केंद्राला विचारा. या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकल लस पूर्ण हवी. ताप, मान ताठ, उलट्या असं एकत्र दिसलं तर शाळेने घरी पाठवून थांबू नये, लगेच डॉक्टर.

पायरी 8: परीक्षा आणि वर्षाची आखणी

तोंडी प्रश्न लेखी द्यावेत. ऐकून उत्तरं लिहायची परीक्षा असेल तर ध्वनिफितीऐवजी समोर बसलेल्या माणसाने वाचावी. वेगळी शांत खोली आणि जास्त वेळ आधी लेखी मागा, आदल्या दिवशी नव्हे.

वर्षाच्या सुरुवातीला शाळा, पालक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्ट यांनी मिळून एक पान लिहावं. "भाषा सुधारणे" असं उद्दिष्ट कुचकामी, ते कधी पूर्ण झालं हे कुणीच सांगू शकत नाही. "वर्गातल्या नेहमीच्या गोंगाटात, ओठ न बघता, दोन टप्प्यांची सूचना 10 पैकी 8 वेळा पाळेल, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत" किंवा "पहिल्या सत्राअखेर" असं लिहा. भाषेची चाचणी दर सहा महिन्यांनी. वर्षात भाषेचं वय किमान वर्षाने पुढे जायला हवं, मागे असलेल्या मुलाचं त्याहून जास्त. सहा महिन्यांत काहीच सरकलं नाही तर आधी वापराचे तास, मग मॅपिंग, मग वर्गातला माइक, मग सोबतची दुसरी अडचण, याच क्रमाने तपासा. पहिलं कारण तपासायला फुकट असतं आणि बऱ्याचदा तेच निघतं.

पायरी 9: माध्यमिक शाळेत

इथे एका शिक्षकाच्या जागी सात होतात आणि माइक कुणाचाच राहत नाही. तासागणिक माइक नेऊन द्यायचं काम मुलाकडेच सोपवा, सहावीपासून ते जमतं. बिघाड शोधायचा क्रम आता त्याला स्वतःला यायला हवा. "सर, मागचा प्रश्न ऐकू आला नाही", "जरा इकडे बघून सांगता?" ही वाक्यं घरी म्हणून घ्या, वेळेवर ती सुचत नाहीत. दृक्श्राव्य धड्यांना मजकूरपट्टी मागायची.

तेरा-चौदाव्या वर्षी बरीच मुलं प्रोसेसर केसांखाली लपवतात, काही तो काढूनच ठेवतात. तासांच्या नोंदीत हे लगेच दिसतं. तिथे धाक दाखवून उपयोग होत नाही. इम्प्लांट असलेल्या जरा मोठ्या मुलांशी गाठ घालून द्या, आणि प्रोसेसरचा रंग, आवरण, कधी प्रोसेसर लावायची जागा, याबद्दलचा निर्णय मुलावर सोपवा. बाहेरचा प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो. तो बदल दहावीच्या वर्षात करू नका. नव्या प्रोसेसरचा आवाज सवयीचा व्हायला काही आठवडे जातात, म्हणून लांब सुट्टीच्या सुरुवातीला करा आणि जुना प्रोसेसर चालू स्थितीत जपून ठेवा.